पलंग नको, पास हवा

ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कशेजारी लोज रॉयल पॅसिफिक नावाचं हॉटेल आहे. तिथे सकाळी सातला पोहोचलात तर खोली मिळत नाही, ती दुपारी चारनंतर. पण काउंटरवर नाव नोंदवून फोटो काढून घेतला, की खोलीत नोंदवलेल्या प्रत्येकाला 'एक्सप्रेस अनलिमिटेड' पास मिळतो. तो दाखवला की बहुतेक राइड्सच्या लांबलचक रांगेला वळसा घालून शेजारच्या छोट्या रांगेतून आत जाता येतं, आणि तेही दिवसभरात हव्या तितक्या वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला खोली सोडायची. पास मात्र त्या दिवशी पार्क बंद होईपर्यंत चालतो. म्हणजे खोली एकोणीस तासांची आणि पास पुऱ्या दोन दिवसांचा.

ही सोय युनिव्हर्सलच्या तीनच महागड्या हॉटेलांत आहे: इटलीतल्या बंदराची नक्कल केलेलं पोर्टोफिनो बे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या वस्तूंनी सजवलेलं हार्ड रॉक आणि हे रॉयल पॅसिफिक. पार्कचं प्रवेशतिकीट वेगळं काढावंच लागतं. खोलीच्या भाड्यात येतो तो फक्त रांग टाळण्याचा हक्क. हाच पास सुटा घ्यायचा तर त्याचा दर तारखेनुसार बदलतो. शाळांना सुट्ट्या असतात त्या दिवसांत तो माणशी दोनशे डॉलरच्याही पुढे जातो. समजा, एखाद्या दिवशी तो दीडशे आहे. चार जणांचे दोन दिवसांचे आठ पास म्हणजे बाराशे डॉलर झाले. त्याच तारखेला खोली कर धरून सहाशेत मिळत असेल, तर पुढचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. खोली घ्यायची, पास काढायचे, दिवसभर पार्कात हिंडायचं आणि रात्री झोपायला दहा मैलांवरच्या भाड्याच्या घरी परतायचं. सामान तिथे आहे, फ्रिजमध्ये दूध-दही तिथे आहे, आणि गुडघे दुखतात म्हणून मागे राहिलेली आजीही तिथेच आहे. हॉटेलातला पलंग आवरलेला तसाच राहतो. अमेरिकेत अशा खोलीला 'थ्रोअवे रूम' म्हणतात.

न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले, की ऑरलँडोची सहल बहुधा ठरलेलीच असते. तिथे असला बेत कुणीतरी काढतं आणि जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात. सून म्हणते, "बाबा, पैसे आपण मोजले. तिथे झोपायचं की नाही, हे आपलं आपण बघू." सासरे म्हणतात, "अगं, पण ज्याला खरंच मुक्काम करायचाय त्याची खोली आपण अडवलीच की नाही?" दोघांचंही खोटं वाटत नाही. पण दोघंही पलंगाबद्दल बोलत आहेत, आणि माझ्या मते खरी भानगड पलंगापाशी नाहीच.

आधी हॉटेलचं पाहू. खोली रिकामी ठेवल्याने हॉटेल फसलं, असं मानणारे पुष्कळ भेटतात. पण हॉटेलने भाडं पूर्ण घेतलं. वर ऑरेंज काउंटीचा साडेसहा टक्के विक्रीकर आणि सहा टक्के पर्यटन कर, असा साडेबारा टक्के कर वेगळा. चादरी धुवाव्या लागल्या नाहीत, शॉवरचं पाणी वाहिलं नाही. मुक्काम केलाच पाहिजे, अशी अट कुठे नाही. अट आहे ती चेक-इन करण्याची. त्या दिवशी फिरकलाच नाहीत तर बुकिंग रद्द समजलं जाऊ शकतं. खोलीसोबत पास द्यायचा हा निर्णयही हॉटेलचाच, आणि त्यापायी भाडं चढं ठेवता येतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तोटा झालाच तर खोली आवरणाऱ्या बाईचा. पाहुणा राहून गेला असता तर उशीजवळ चार-पाच डॉलर ठेवून गेला असता, ते गेले. ही टिप हळहळ वाटणारे पाहुणेही विसरतात.

विकत घेतलेलं अर्धंच वापरणं हा गुन्हा आहे का, यावर विमान कंपन्यांनी बरीच वर्षं कोर्टबाजी केली आहे. थेट तिकिटापेक्षा कधीकधी लांबचं तिकीट स्वस्त पडतं. मग प्रवासी लांबचं काढतो आणि मधल्या विमानतळावरच उतरून जातो. अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या संकेतस्थळावर युनायटेड एअरलाइन्सने २०१४ मध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाला. २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या दाव्यात टेक्ससच्या ज्यूरीने स्किपलॅग्डला ९४ लाख डॉलर भरायला सांगितले, पण त्यात कंपनीचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरल्याचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा भाग मोठा होता. शिवाय विमान कंपन्यांच्या करारात 'मध्येच उतरू नका' असं लिहिलेलं तरी असतं. हॉटेलच्या करारात 'झोपाच' असं लिहिलेलं नसतं.

आता याच हॉटेलांतला दुसरा पाहुणा बघा. रॉयल पॅसिफिकला आणि पोर्टोफिनोला मोठमोठी सभागृहं आहेत, तिथे वर्षभर कंपन्यांच्या परिषदा चालतात. कोट-टाय घालून आलेला माणूस तीन रात्री राहतो, भाषणं ऐकतो, रात्री ईमेल उरकतो आणि पार्काचं तोंडही न बघता विमानतळ गाठतो. पासाचा हक्क त्यालाही होता, आणि भाड्यात त्याची किंमतही त्याने मोजली होती. पास फुकट घालवणाऱ्या या माणसाला कुणी अनैतिक म्हणत नाही. मग पलंग फुकट घालवणाऱ्यालाच का म्हणायचं? दोन वस्तू एका गाठोड्यात बांधून विकल्या, की घेणाऱ्यातले काही पहिली टाकतील आणि काही दुसरी. गाठोडं बांधणाऱ्याने हे हिशेबात धरलेलंच असतं.

हॉटेल यातून सुटलं. उरली रांग, आणि ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला सुरू झालं. काही महिन्यांतच तिथे कुपनांची पुस्तकं आली. दरवाजातून आत येण्याचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचं कुपन वेगळं. साध्या घोड्यांच्या चक्राला 'ए' कुपन पुरायचं. १९५९ मध्ये मोनोरेल, मॅटरहॉर्नचा रोलर कोस्टर आणि पाणबुडी आली, तेव्हा त्यांच्यासाठी 'ई' कुपन काढलं. ज्या राइडला गर्दी जास्त तिची किंमत जास्त, म्हणून माणूस हातातली 'ई' कुपनं जपून वापरायचा. १९८२ पर्यंत ही पद्धत मोडीत निघाली आणि एकच तिकीट, आत सगळं मोकळं, असं झालं. लोक खूश झाले. पण कुपन जे काम गुपचूप करत होतं ते आता रांगेवर येऊन पडलं. राइडची किंमत शून्य झाली की ती मिनिटांत वसूल होते.

१९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला. यंत्रात आपलं प्रवेशतिकीट घालायचं, परत यायची वेळ छापलेला कागद घ्यायचा आणि तोवर आइस्क्रीम खायचं. यात श्रीमंत-गरीब हा भेद नव्हता, लवकर उठणाऱ्याचा फायदा होता एवढंच. २०२१ मध्ये डिस्नेने फास्टपास बंद केल्याचं जाहीर केलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये पैसे भरून घ्यायची लाइटनिंग लेन सुरू केली. २०२४ च्या शेवटी आलेल्या प्रीमियर पासचा दर पार्क आणि दिवस पाहून माणशी १२९ पासून ४४९ डॉलरपर्यंत होता, आणि सुरुवातीला तो डिस्नेच्या ठरावीक हॉटेलांत राहणाऱ्यांनाच मिळत असे. युनिव्हर्सलचा एक्सप्रेस तर पैशांवर आणि हॉटेलांवरच उभा आहे.

राइडची गाडी मात्र तेवढीच राहते. धरून चला, एखादी राइड तासाला १५०० माणसं फिरवते. साध्या रांगेत १८०० जण उभे आहेत आणि एक्सप्रेसवाला कुणीच नाही, तर शेवटच्या माणसाचा नंबर सव्वा तासाच्या आत लागतो. आता तासाला ६०० एक्सप्रेसवाले येऊ लागले. साध्या रांगेला तासाला ९०० जागाच उरल्या, आणि त्याच शेवटच्या माणसाला दोन तास लागले. एकाची वाचलेली मिनिटं हवेतून येत नाहीत. ती शेजारच्या रांगेतून येतात, आणि त्या रांगेला कुणी विचारलेलं नसतं.

दोन्ही रांगा राइडच्या तोंडाशी जिथे एकत्र होतात तिथे एक कर्मचारी उभा असतो, बहुधा विशीतला. त्याचा एक तळहात साध्या रांगेसमोर आडवा आणि दुसरा एक्सप्रेसवाल्यांना 'या, या' म्हणत हलणारा. दहा जणांचा घोळका गेला, मग आणखी सहा. मग आडवा हात खाली येतो, साध्या रांगेतले चार आत जातात, हात पुन्हा आडवा. दीड तास ताटकळलेला बाप खांद्यावर झोपलेलं पोर सावरत त्या हाताकडे बघत असतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये रांगेतल्या सामाजिक न्यायावर एक निबंध लिहिला. मागून आलेला पुढे गेला की माणूस जितका चिडतो तितका निव्वळ थांबण्याने चिडत नाही, असा त्यातला एक मुद्दा. त्यासाठी आपल्याला निबंधाची गरज नाही म्हणा. शिर्डीला सशुल्क दर्शनाचा पास घेतलेली मंडळी बाजूने पुढे जाताना रांगेतल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं तरी पुरे.

आता रिकाम्या खोलीचं खरं मोजमाप करता येईल. पोर्टोफिनोत ७५०, हार्ड रॉकला ६५० आणि रॉयल पॅसिफिकला १००० अशा मिळून २४०० खोल्या आहेत. समजा, त्या सगळ्या भरल्या आहेत आणि प्रत्येक कुटुंब चार रात्री राहतं. रोज सहाशे खोल्यांतून जुनी मंडळी निघतात आणि नवी येतात. येण्याच्या आणि निघण्याच्या दोन्ही दिवशी पास चालत असल्याने कोणत्याही दिवशी ३००० कुटुंबांकडे एक्सप्रेस असतो. आता सगळ्यांनी एकेकच रात्र घेतली असं धरा. रोज २४०० कुटुंबं निघतात, २४०० येतात, आणि पास असतो ४८०० कुटुंबांकडे. खोल्या तेवढ्याच, पण एक्सप्रेसवाली कुटुंबं दीडपटीहून जास्त. प्रत्यक्षात दोन्ही टोकं खरी नसतात, मधलं काहीतरी असतं. तरी भार कुठून वाढतो ते दिसलं: मुक्काम जितका आखूड, तितके दर खोलीमागे पास जास्त. पासापुरती खोली घेणारा जवळजवळ नेहमीच एका रात्रीची घेतो, म्हणून त्याचा भार रांगेला जाणवतो.

पण हाच भार एक रात्र राहून मनसोक्त घोरणाऱ्या कुटुंबाचाही तितकाच आहे. रांगेतल्या त्या बापाच्या दृष्टीने दोघांत काडीचा फरक नाही. म्हणून सासऱ्यांना मी म्हणेन, आक्षेप घ्यायचा तर पैसे देऊन पुढे जाण्याच्या सबंध पद्धतीवर घ्या. तो घ्यायला सबळ कारणं आहेत. हार्वर्डचे मायकेल सँडल यांनी २०१२ मध्ये बाजाराच्या मर्यादांवर पुस्तक लिहिलं, त्याचं पहिलंच प्रकरण रांग मोडण्यावर आहे. थीम पार्कपासून वॉशिंग्टनमध्ये संसदीय सुनावणीला जागा धरायला पैसे देऊन उभ्या केलेल्या माणसांपर्यंत उदाहरणं त्यात येतात. त्यांचा रोख असा, की 'आधी आला तो आधी' हा नियम पैशापुढे हटला की त्या वस्तूकडे पाहण्याची आपली नजरच बदलते. संसदेच्या सुनावणीबाबत मला हे पटतं. रोलर कोस्टरबाबत तितकंसं पटत नाही. ती मुळात विकायचीच वस्तू आहे. मात्र विकणाऱ्याने पाटीवर '९० मिनिटं' लिहिताना यातली किती मिनिटं एक्सप्रेसमुळे आहेत तेही लिहावं. ते कोणतंच पार्क लिहिणार नाही.

रिकामा मुक्काम खरोखर खटकावा असं उदाहरण युनिव्हर्सलमध्ये नाही, डिस्नेच्या जंगलात आहे. फोर्ट वाइल्डरनेस हे १९७१ पासूनचं त्यांचं कॅम्पिंगचं आवार. पाइनच्या झाडांत आखलेल्या जागा, प्रत्येकीला वीज-पाण्याची जोडणी, तंबू ठोका नाहीतर घरवजा गाडी लावा. डिस्नेच्या आवारातला हा सर्वांत स्वस्त मुक्काम, आणि एका जागेवर दहा जणांची नावं लागतात. २०२० च्या आधी, फास्टपास प्लसच्या काळात, डिस्नेकडे मुक्कामाला असणाऱ्यांना पास साठ दिवस आधी राखता येत आणि बाकीच्यांना तीस दिवस आधी. लोकांनी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. कॅम्पची जागा घ्यायची, दहा नावं घालायची, पास राखायचे आणि राहायचं तिसरीकडेच. काही जण तर पास हाती आल्यावर बुकिंगच रद्द करून टाकत. पुढे डिस्नेने बुकिंगबरोबर असे पासही रद्द करायला सुरुवात केली.

इथे सासऱ्यांचा मुद्दा अचूक बसतो. फोर्ट वाइल्डरनेसला नाताळच्या आठवड्यात वर्षानुवर्षं येणारी कुटुंबं आहेत. गोल्फच्या गाड्यांना दिव्यांच्या माळा लावून त्यांची मिरवणूक काढणारी. त्यांना ती जमीन हवी असते, तिथली शेकोटी हवी असते, पास असला काय नि नसला काय. त्यांच्यासाठी जागा उरली नाही आणि शेजारी मात्र ना तंबू ना गाडी, नुसता नळ आणि विजेचा खांब, तर ते चडफडणारच. युनिव्हर्सलच्या खोलीचं तसं नाही. तिचं भाडंच पासाच्या जोरावर चढलेलं, आणि परिषदांची मंडळी सोडली तर तिच्यासाठी धडपडणारा जवळपास प्रत्येक जण पासाचाच गिऱ्हाईक. रिकाम्या जागेचा दोष त्या जागेवाचून दुसऱ्या कुणाचं काय अडलं यावर ठरतो. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी फोर्ट वाइल्डरनेसची जागा रिकामी राहिली, तर मलाही त्यात काही वावगं वाटणार नाही.

यापलीकडे एक रेघ आहे, आणि ती ओलांडणारे 'नियमात बसतं' हेच पालुपद म्हणत असतात. खोलीत तीन जण, म्हणून उरलेल्या जागी ऑरलँडोतल्या ओळखीच्या दोघांची नावं घालून त्यांच्याकडून पासाचे पैसे घेणं हा व्यापार झाला. पासावर फोटो लागतो तो याच कारणासाठी. तो एकाच्या नावावरून दुसऱ्याकडे जाऊ नये ही अट आहे. सगळ्यात वाईट प्रकार २०१३ मध्ये गाजला. पैसेवाली कुटुंबं अपंग व्यक्तीला तासाच्या दराने 'मार्गदर्शक' म्हणून सोबत घेऊन डिस्नेच्या रांगा ओलांडतात, अशी बातमी त्या मे महिन्यात न्यूयॉर्क पोस्टने दिली. ऑक्टोबरपासून डिस्नेने जुनं सवलतीचं कार्ड बंद केलं आणि लगेच आत सोडण्याऐवजी परत यायची वेळ देणारी पद्धत आणली. २०२४ मध्ये अटी आणखी कडक झाल्या; खोटं बोलून सवलत घेतल्याचं आढळलं तर कायमची प्रवेशबंदी. त्याची झळ लागली ती स्वमग्न मुलांना घेऊन येणाऱ्या खऱ्या आईबापांना, ज्यांना आता आपलं मूल रांगेत का थांबू शकत नाही हे परक्या माणसाला व्हिडिओ कॉलवर पटवून द्यावं लागतं. रिकाम्या खोलीत असं कुणाच्या गरजेचं सोंग घ्यावं लागत नाही. सून तिथपर्यंत निर्धास्त राहू शकते.

युनिव्हर्सलनेही दरम्यान आपलं धोरण अधूनमधून बदललं. २०१९ च्या जूनमध्ये हॅग्रिडच्या मोटरबाइकची राइड सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी रांग दहा तासांवर गेली, आणि एक्सप्रेस तिथे चालत नव्हता. २०२१ च्या वेलोसिकोस्टरलाही सुरुवातीला तो नव्हता. दोन्ही राइड्स पुढे एक्सप्रेसमध्ये आल्या. म्हणजे नव्या राइडला साध्या रांगेतली आणखी माणसं मागे ढकलता येणार नाहीत इतकी गर्दी असते तेव्हा पार्क स्वतःच एक्सप्रेस आवरतं, आणि पुढे सोडतं.

२२ मे २०२५ ला एपिक युनिव्हर्स हे त्यांचं नवं पार्क उघडलं. त्याला खेटून हेलिओस ग्रँड नावाचं पाचशे खोल्यांचं हॉटेल आहे. त्यातून थेट पार्कात उतरणारं खास दार आहे. खोलीसोबत एक्सप्रेस मात्र नाही. जुन्या तीन हॉटेलांचा पासही या पार्कात चालत नाही. एका रात्रीच्या रिकाम्या खोल्यांचा प्रश्न त्यांनी तिथे उद्भवूच दिला नाही. एक्सप्रेसची दुसरी रांग तिथेही आहे. तिचे पास सुटे विकले जातात, आणि कोणत्या तारखेला किती विकायचे ते आता हॉटेलांच्या खोल्यांवर अवलंबून नाही.